मदत हवी आहे: सिमेंट रस्त्याचं काम निकृष्ट, ग्रामपंचायत कागद दाखवत नाही

बांधावरून:
वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद सिमेंट रस्ता केला. वर्षाच्या आत तडे गेले. माहिती अधिकारात ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असं विचारलं, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं. पाचसहा गावकऱ्यांनी मिळून हे धसास लावायचं ठरवलंय. पुढे काय करावं?

आडवाट:
‘का’ विचारलंत तिथेच अर्ज फसला. या कायद्याने कागद मिळतात, खुलासे नाहीत. नवा अर्ज करा: विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (एमबी) पानं, देयकं आणि क्यूब टेस्टचा (काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद तपासण्याचा) अहवाल मागा. प्रतीला पानामागे २ रुपये. कामाचं नाव ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघून अगदी तसंच लिहा, नाहीतर ‘असं काम नाही’ म्हणून हात झटकतात.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. ही मुदत हुकवू नका.

ओळंबा:
एमबी हातात आली की जाडी बघा. तिथे १५ सेंमी लिहिली असेल तर १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर काँक्रीट. रस्ता १० सेंमीच भरला तर ३०. म्हणजे काँक्रीटचं एक तृतीयांश बिल खोटं. नुसती कडेला टेप लावू नका, कडेला माल जाड ओतलेला असू शकतो. मधली जाडी कोअर (यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढूनच कळते. कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हा माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) प्रमाणे हक्कच आहे, तोही अर्जात मागा. स्वतः रस्ता फोडू नका; सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार उलट तुमच्यावर येईल.

बांधावरून:
धन्यवाद! ग्रामसभा मात्र दरवेळी गणपूर्तीअभावी तहकूब होते.

आडवाट:
गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. तहकूब सभेला तीही लागत नाही, म्हणून ती चार माणसांत उरकता येते. त्याच सभेला सगळे हजर राहा. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. ठराव लिहून होईपर्यंत उठू नका आणि कोऱ्या पानावर सही तर मुळीच नको. मग सगळे कागद जोडून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ ची चौकशी तिथून होते. सरपंचाला पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा.