जँगोत जेसन-आरपीसी: क्लायंटला एरर जातो, पण अर्धी नोंद डेटाबेसात राहते

गोदामखाते (प्रश्न)
चालू जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) प्रकल्पात जेसन-आरपीसी २.० (जेसन मजकूर पाठवून सर्व्हरवरचं फंक्शन बोलावण्याची पद्धत) साठी एक एंडपॉइंट जोडलंय. एकच व्ह्यू (विनंती हाताळणारं फंक्शन) आहे: बॉडी वाचायची, 'मेथड'चं नाव डिक्शनरीत शोधायचं, फंक्शन चालवायचं, उत्तर पाठवायचं. तीन ठिकाणी अडलंय.

आधी प्रत्येक कॉलला ४०३ (मनाई) येत होता. 'सीएसआरएफ एक्झेम्प्ट' (दुसऱ्या साइटवरून आलेल्या खोट्या विनंत्या अडवणाऱ्या तपासणीतून सूट) लावल्यावर थांबला, पण हे सुरक्षित आहे का? दुसरं, प्रॉडक्शनवर एका क्लायंटला ४०५ (ही एचटीटीपी पद्धत चालत नाही) मिळतो. तो पाठवतो पोस्ट, लॉगमध्ये मात्र गेट दिसतो. तिसरं सगळ्यात वाईट: एका गोदामातून माल वजा होतो, दुसऱ्यात जमा करताना एक्सेप्शन येतं. क्लायंटला -३२६०३ (सर्व्हरमधली अंतर्गत चूक) नीट पोचतो, पण वजाबाकी तशीच राहते. 'एटॉमिक रिक्वेस्ट्स' (प्रत्येक विनंती एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणारी जँगोची सेटिंग) चालू आहे, तरीही.

उलटीखूण
तिसऱ्यापासून सुरू करू, कारण तिथे डेटा बिघडतोय. 'एटॉमिक रिक्वेस्ट्स' रोलबॅक करतं (बदल मागे घेतं) ते व्ह्यूमधून एक्सेप्शन बाहेर पडलं तरच. उत्तराचा स्टेटस किंवा त्यातला एरर कोड ते बघत नाही. तुमचा व्ह्यू एक्सेप्शन पकडून २०० चं उत्तर बनवतो, म्हणजे जँगोच्या लेखी काम यशस्वी झालं आणि कमिट होतं (बदल कायम होतात).

उपाय: फंक्शनचा कॉल 'विथ ट्रान्झॅक्शन डॉट एटॉमिक' मध्ये ठेवा आणि 'ट्राय-एक्सेप्ट' त्याच्या बाहेर लावा. आत पकडलंत तर पुन्हा कमिटच होईल. शिवाय पकडलेली चूक डेटाबेसची असेल, तर त्या ब्लॉकमधल्या पुढच्या क्वेरीला 'ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट एरर' येईल.

सरळरेघ
४०५ चं कारण बहुधा शेवटचा स्लॅश. क्लायंट स्लॅशशिवाय पत्ता वापरत असेल, तर 'अपेंड स्लॅश' या सेटिंगमुळे ३०१ (स्लॅश असलेल्या पत्त्यावर जा, असं उत्तर) जातो. बरेच क्लायंट ३०१ नंतर पोस्टचा गेट करतात, बॉडी गळते आणि 'रिक्वायर पोस्ट' (फक्त पोस्ट स्वीकारणारा डेकोरेटर) ४०५ देतो. डीबग चालू असताना याच जागी जँगो रनटाइम एरर देतं, म्हणून घरी वेगळं दिसतं. क्लायंटचा पत्ता सुधारा किंवा यूआरएल पॅटर्न स्लॅशशिवाय ठेवा.

सीएसआरएफ: ओळख हेडरमधल्या टोकनने पटत असेल आणि सेशन कुकी तिथे अजिबात मानली जात नसेल, तर सूट ठीक. सेशनवर चालत असेल तर सूट काढा आणि क्लायंटकडून 'एक्स-सीएसआरएफटोकन' हेडर पाठवा. बॉडी जेसन आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज चुकीचा: दुसऱ्या साइटवरचा साधा फॉर्म 'टेक्स्ट/प्लेन' म्हणून जेसनसारखा मजकूर पाठवू शकतो.

उलटीखूण
एक राहिलं. चुकीच्या पॅरामीटरसाठी सरसकट 'टाइप एरर' पकडून -३२६०२ देऊ नका, फंक्शनच्या आतले बगही त्यात लपतात. आधी पायथनच्या 'इन्स्पेक्ट' मॉड्यूलमधल्या 'सिग्नेचर'वर 'बाइंड' करून, म्हणजे पॅरामीटर फंक्शनला जुळतात का ते पाहा. ते फसलं तरच -३२६०२, पुढचं काहीही -३२६०३ आणि लॉगमध्ये पूर्ण ट्रेसबॅक.

गोदामखाते
स्लॅशच निघाला, आणि रोलबॅकही आता होतोय. बॅचमध्ये (एकाच विनंतीत) २० कॉल आले आणि सातवा फसला तर बाकीचे परत फिरवायचे का?

सरळरेघ
नाही. स्पेसिफिकेशननुसार बॅचमधला प्रत्येक कॉल स्वतंत्र असतो. सगळे एकत्र यशस्वी व्हायला हवे असतील, तर तेवढं काम करणारी एक वेगळी मेथड लिहा. 'एटॉमिक रिक्वेस्ट्स'मुळे आतला प्रत्येक ब्लॉक नुसता सेव्हपॉइंट (मोठ्या ट्रान्झॅक्शनमधला मधला टप्पा) होतो, आणि पहिल्या कॉलने घेतलेलं रो-लॉक (डेटाबेसातल्या ओळीवरचं कुलूप) विसावा संपेपर्यंत सुटत नाही. म्हणून या व्ह्यूवर 'नॉन एटॉमिक रिक्वेस्ट्स' लावा.

आयडी नसलेला कॉल म्हणजे नोटिफिकेशन, त्याला उत्तर द्यायचं नाही, चूक झाली तरी. बॅचमध्ये सगळी नोटिफिकेशनच असतील तर रिकामा अ‍ॅरे नको, बॉडीशिवाय २०४ द्या. आलेला अ‍ॅरेच रिकामा असेल तर एकच -३२६०० (अवैध विनंती) चं ऑब्जेक्ट. आणि 'जेसन रिस्पॉन्स'ला लिस्ट देताना 'सेफ' फॉल्स करा, नाहीतर तिथेच टाइप एरर येईल.