जिन्याची उंच भिंत: परांची कशी, रंग कोणता?

प्रश्न: रो-हाउसचा आतला जिना, भिंत १८ फूट उंच. जुना डिस्टेंपर हाताला लागतो. घोडा (दुपाखी उभी राहणारी शिडी) पायऱ्यांवर नीट बसत नाही. काय करावं?

उत्तर १: जुन्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन (प्लास्टिक पेंट) मारू नका, पोपडे धरतील. ओला करून पत्रीने (खरवडायच्या पातळ पात्याने) खरवडा, भिंत धुऊन पूर्ण वाळू द्या. मग प्रायमर, लांबीचे (पुट्टीचे) दोन पातळ हात (थर), १८० नंबरचा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. हा दुसरा प्रायमर रंगारी हमखास गाळतात. मग लांबी रंग शोषते आणि भिंत डागाळलेली दिसते.

उत्तर २: सरळ शिडी समोरच्या भिंतीला टेकवा, तिचे पाय मागच्या पायरीच्या उभ्या भागाला अडवा. जाड फळीचं एक टोक शिडीवर, दुसरं वरच्या लँडिंगवरच्या घोड्यावर. दोन्ही टोकं दोरीने बांधाच. एकट्याने चढू नका.

प्रश्नकर्ता: रंग किती लागेल? क्षेत्रफळ ४०० चौरस फूट.

उत्तर १: दोन हातांना ४ लिटर धरा. धुता येणारा सॅटिन (हलकी चमक असलेला रंग) घ्या, जिन्यात हात लागतातच. वरून खाली या आणि एक भिंत एकाच दमात संपवा, नाहीतर जोड दिसतो. कठडा शेवटी.