भावाच्या मणक्याला मार लागला आहे. ४ लाखांवर तडजोड करावी का?

धाकटा केजकर (१८ जून, रात्री ११:४०)
नमस्कार. माझ्या थोरल्या भावाच्या मोटारसायकलला अपघात होऊन त्याच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला आहे. छत्रपती संभाजीनगरला एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आतापर्यंत ७ लाखांच्या वर खर्च झाला असून त्यापायी दीड एकर रान गहाण पडले आहे. कमरेखाली अजून काहीच हालचाल नाही. समोरच्या पक्षाने ४ लाख रुपये देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली आहे आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितले आहे. ही रक्कम घ्यावी की नाही, एवढेच मला विचारायचे आहे. कृपया वकिलांकडे जा असे सांगू नये, कारण दोन वकिलांकडे जाऊन आलो आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

निवृत्त शिरस्तेदार (१९ जून, सकाळी ६:१५)
केजकर, हो किंवा नाही म्हणता येईल असे आपण काहीच लिहिलेले नाही. समोरचा पक्ष म्हणजे वाहनाचा मालक की विमा कंपनी? अपघाताची तारीख कोणती? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला आहे का? भावाचे वय किती, धंदा कोणता? यांपैकी प्रत्येक उत्तरावर लाखांचा फरक पडतो.

सांजवेळ (सकाळी ८:०२)
माझे स्पष्ट मत आहे की पैसे घ्यावेत. आमच्या चुलत्यांचा दावा सहा वर्षे चालला, निकाल लागल्यावर विमा कंपनी खंडपीठात अपिलात गेली, आणि पैसे हातात पडले तेव्हा चुलते नव्हते. घरात अंथरुणावर पडलेला माणूस असताना तारखा कोण करणार?

धाकटा केजकर (सकाळी ९:३०)
शिरस्तेदार काका, हे सर्व कशासाठी लागते ते कळले नाही, तरी सांगतो. भाऊ ३४ वर्षांचा असून त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. महिन्याला साधारण १५ हजार सुटत होते. केज ते धारूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली. ४ लाखांचा निरोप ट्रॅक्टरमालकाचे मेहुणे घेऊन आले होते. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून द्यायचे आहे. कोर्टात अजून काहीच केलेले नाही. दुसऱ्या वकिलांनी सांगितले की आधी अपंगत्वाचा दाखला येऊ द्या, त्याला वर्ष लागेल, त्यानंतर दावा करू.

निवृत्त शिरस्तेदार (सकाळी ९:४४)
तारीख पुन्हा राहिली.

धाकटा केजकर (सकाळी ९:५०)
११ जानेवारी.

निवृत्त शिरस्तेदार (सकाळी १०:२०)
मग दाखल्याची वाट पाहणे सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतील दाव्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार कलम १६६ चा, म्हणजे नुकसानभरपाईचा, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, परंतु त्या भरवशावर कोणी बसू नये. तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. दाखला नंतर जोडता येतो, साक्षीच्या वेळी तो देणाऱ्या डॉक्टरांना बोलावताही येते. गेलेली मुदत मात्र मागे आणता येत नाही. अर्ज भाऊ राहतो तेथील न्यायाधिकरणातही चालतो, म्हणजे तुम्हाला अंबाजोगाई सोयीचे पडेल.

आता रकमेविषयी. १५ हजार हे उत्पन्न सिद्ध झाले असे धरा. वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसासाठी भविष्यातील वाढ म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे ४० टक्के मिळवले की २ लाख ५२ हजार. ३१ ते ३५ या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे. म्हणजे कमाईची क्षमता पूर्ण गेली असे ठरल्यास केवळ त्याच सदराखाली ४० लाख ३२ हजार. उपचारांचा खर्च, पुढील उपचार, सांभाळायला लागणारा माणूस, वेदना हे सर्व त्याखेरीज. या आकड्यांच्या शेजारी ४ लाख ठेवून पाहा.

उसाचा फड (सकाळी ११:०५)
काका, आकडे छान मांडलेत, पण दुसरी बाजू कोणी पाहिली आहे का? मी स्वतः ऊस वाहतूक करतो. उभ्या किंवा संथ चाललेल्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळणारे मोटारसायकलस्वार आम्ही दर हंगामात पाहतो, आणि दोष मात्र नेहमी ट्रॅक्टरवाल्याचा. ट्रॉली चालू होती की उभी? फिर्याद कोणावर आहे?

धाकटा केजकर (सकाळी ११:३१)
ट्रॉली उभी होती. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, एक चाक बसले होते म्हणून डांबरावरच उभी केली होती, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, दगडसुद्धा लावलेले नव्हते. गुन्हा भावावर दाखल आहे, कारण ट्रॅक्टरच्या चालकानेच त्या रात्री ठाण्यात जाऊन फिर्याद दिली आणि आम्ही सगळे दवाखान्यात होतो. तो प्रश्न वेगळा आहे असे समजून मी लिहिले नव्हते.

निवृत्त शिरस्तेदार (सकाळी ११:५८)
तो वेगळा प्रश्न नाही, बाळा. सगळे प्रकरण त्याच्यावरच उभे आहे.

फिर्याद हा न्यायाधिकरणापुढे अंतिम शब्द नसतो. तेथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. अधिक संभाव्य काय, एवढे पाहिले जाते. वाहन रस्त्यावर इतरांना धोका होईल अशा स्थितीत सोडण्यास कलम १२२ मनाई करते. घटनास्थळ पंचनाम्याची प्रमाणित प्रत आजच मागा आणि त्यात ट्रॉली डांबरावर होती की साइडपट्टीवर, ते वाचा. तरीही काही हिस्सा भावाच्या माथी येईल असे धरून चाला. निम्मा दोष त्याचा ठरला तर वरच्या ४० लाखांचे २० लाख १६ हजार होतात. दोष ज्याचा त्याने भोगावा, पण तो मोजून.

सांजवेळ (दुपारी १२:४०)
पूर्ण दोष भावाचा ठरला तर? तेव्हा हे ४ लाखही जातील. शिवाय दुकान बसून चालवता येतेच की. पांगळा माणूस मोबाइल दुरुस्ती करू शकतो. न्यायाधीश शंभर टक्के कशाला धरतील?

गोदातीर (दुपारी १:२५)
सांजवेळ ताई, २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हेच समजावून सांगितले आहे. डावा हात गेला तर शरीराचे अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास असेल, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ पूर्ण असते आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी तशीच टिकते. वेल्डर या दोहोंपैकी कोणाच्या जवळचा, हे सांगायला नको.

माझा अनुभव थोडा निराळा आहे. माझ्या भाच्याच्या डोक्याला मार लागला होता. हात-पाय धड होते, म्हणून दाखल्यावर टक्केवारी कमी आली. पण त्याला सकाळचे संध्याकाळी आठवत नाही आणि रागाच्या भरात तो आईवरही हात उगारतो. ते कागदावर यावे म्हणून आम्हाला मेंदूविकारतज्ज्ञांची आणि मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष घ्यावी लागली. तुमच्या भावाच्या बाबतीतही लघवीची नळी, शौचावर नसलेला ताबा आणि पाठीच्या जखमा या गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरच्यांना सांगायला लाज वाटते आणि मग त्या दाव्यातूनच गळतात.

फिजिओ नांदेड (दुपारी २:१०)
विचारलेले नसले तरी लिहितो. संवेदना नसलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी आणि गावाकडे कोणी मणका चोळून बसवतो असे सांगितल्यास मुळीच जाऊ नये. दाव्याशी याचा संबंध असा की हे काम चोवीस तासांचे आहे. वहिनी किंवा आई करतात म्हणून ते फुकट समजले जाऊ नये. २०२० च्या काजल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांभाळणाऱ्या दोन माणसांचा खर्च धरून त्यालाही गुणक लावला होता.

उसाचा फड (दुपारी ३:०३)
मला ट्रॅक्टरवाल्यांची बाजू घ्यायची नाही, पण एक शंका आहे. विमा चालू असता तर मालक स्वतःच्या खिशातून ४ लाख द्यायला मेहुण्याला कशाला पाठवेल? एकतर ट्रॅक्टरचा विमा संपलेला असावा, किंवा शेतीकामाच्या विम्यावर भाड्याने ऊस ओढत असावा. एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून विम्याची तारीख पाहून घ्या. ट्रॉलीचे क्रमांक वेगळे असतात, तेही लागतील.

निवृत्त शिरस्तेदार (दुपारी ३:३०)
उसाचा फड यांनी नेमकी नस धरली. विमा नसल्यास मालक व्यक्तिशः जबाबदार राहतो आणि निवाड्याची रक्कम कलम १७४ खाली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. तडजोडीच्या मुद्रांकावर मात्र "माझी तक्रार नाही, चूक माझीच" असे एक वाक्य हमखास असते, आणि पुढे दावा केलाच तर तेच वाक्य तुमच्यासमोर धरले जाते.

दुसरे असे की मोटारसायकल कोणाच्या नावावर आहे? भावाच्याच नावावर असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तर तिची विमा पॉलिसी शोधा. तिच्यात मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचा हप्ता भरलेला असल्यास, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १५ लाखांपर्यंत तरतूद असते, आणि तेथे चूक कोणाची हा प्रश्न येत नाही. कळवायला उशीर झाला आहे, म्हणून आजच लेखी कळवा आणि पोच घ्या.

सांजवेळ (दुपारी ४:१५)
हे मला ठाऊक नव्हते. तरी वकिलांच्या टक्केवारीचे काय? आमच्याकडे मिळालेल्या रकमेतून पंचवीस टक्के गेले.

निवृत्त शिरस्तेदार (दुपारी ४:४०)
निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो; तालुका न्यायालयातील समितीकडे अर्ज करावा.

धाकटा केजकर (२१ जून, रात्री १०:२०)
उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मोटारसायकल भावाच्या नावावर आहे आणि परवानाही आहे. पॉलिसी डिकीतल्या कागदांत सापडली. वैयक्तिक अपघाताच्या रकान्यात हप्ता भरलेला आहे. कंपनीला काल पत्र दिले व पोच घेतली. ट्रॅक्टरचा विमा ॲपवर गेल्या नोव्हेंबरात संपलेला दिसतो. पंचनाम्यात ट्रॉलीचे डावे चाक डांबराच्या कडेपासून चार फूट आत असल्याचे लिहिले आहे, आणि ते वाचून मला पहिल्यांदाच रडू आले. मोफत वकिलांसाठीचा अर्ज परवा देणार आहे. मेहुण्यांना सोमवारी येऊ नये असे कळवले.

एक अडचण राहिली. मालक आता म्हणतो की त्या रात्री ट्रॉली त्याची नव्हतीच. त्या खेपेची कारखान्यावरची नोंद कोणाकडे मागावी?

उसाचा फड (रात्री १०:४८)
कारखान्याच्या शेतकी विभागात तोडणी-वाहतुकीचा करार असतो आणि वजनकाट्याच्या पावतीवर वाहनाचा क्रमांक, शेतकऱ्याचे नाव व वेळ असते. ट्रॉली वाटेत बसली तरी ऊस दुसऱ्या दिवशी काट्यावर गेलाच असेल, म्हणून १२ जानेवारीच्या पावत्याही मागा. तोंडी मागितल्यास देणार नाहीत; वकिलांमार्फत न्यायाधिकरणातून हजर करण्याचा आदेश घ्या. ऊस कोणाच्या रानातला होता ते कळले तर मला निरोप करा, त्या पट्ट्यातले मुकादम माझ्या ओळखीचे आहेत.