सल्ला हवा: एफवायबीए जनरल सायकॉलॉजी, एकच पुस्तक घ्यायचंय

रानजाई:
नमस्कार. एफवायबीएला सामान्य मानसशास्त्र घेतलं आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. सर शिकवतात मराठीत, संज्ञा सांगतात इंग्रजीत. पेपर मराठीत लिहिता येतो. एकच पुस्तक घ्यायचं आहे, बजेट ६०० रुपये, त्याच्या वर जमणार नाही. इंग्रजी वाचता येतं पण वेग कमी. प्रॅक्टिकलला म्युलर-लायर (रेषांच्या लांबीचा दृष्टिभ्रम) आहे, त्याला वेगळं पुस्तक लागतं का? पुण्यात आहे, अप्पा बळवंत चौकात जाऊ शकते.

घाटमाथा:
सिकारेली-व्हाइट यांचं ‘सायकॉलॉजी’, दक्षिण आशियाई आवृत्ती. दुसरा विचारच करू नका. रंगीत आकृत्या आहेत आणि प्रकरण संपायची वाट न बघता मधे मधे छोट्या चाचण्या आहेत. नवी प्रत हजाराच्या आसपास पडेल, पण हे पुस्तक तिन्ही वर्षं पुरतं.

पावशेर:
तिने ६०० लिहिलंय हो.

घाटमाथा:
चारशे रुपयांसाठी तीन वर्षं गाईडवर काढायची का मग?

लंबक:
पुस्तकाआधी सिलॅबस. एनईपीनंतर (नवं शैक्षणिक धोरण) बहुतेक विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदललेत आणि सेमिस्टरला मोजकेच घटक असतात. आपल्या वर्षाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवा, घटकांखाली नेमलेली पुस्तकं दिलेली असतात. जाड पुस्तकातली सगळी प्रकरणं कुठल्याच सेमिस्टरला लागत नाहीत.
सिकारेलीच घ्यायचं तर जुनी प्रत घ्या. एक आवृत्ती मागची चालते. शिकणं, स्मृती, वेदन-संवेदन (सेन्सेशन-पर्सेप्शन) ही प्रकरणं आवृत्तीगणिक फारशी हलत नाहीत. बदलतात ती विकृती आणि उपचारांची. विकत घेताना शेवटची पानं तपासा. संज्ञासूची आणि चाचण्यांची उत्तरं फाटलेली असली तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

केतकी_नाशिक:
खर्चच कशाला? ओपनस्टॅक्सच्या संकेतस्थळावरचं सायकॉलॉजी, दुसरी आवृत्ती (२०२०), पूर्ण मोफत आणि कायदेशीर. १६ प्रकरणं. तुमच्या कामाची बहुधा २ (संशोधन), ३ (जैविक आधार), ५ (वेदन-संवेदन), ६ (शिकणं), ८ (स्मृती), १० (भावना-प्रेरणा). इंग्रजी वाचायला सोपं आहे. प्रकरणाच्या शेवटी संज्ञा, सारांश आणि प्रश्न असतात. वेग कमी असेल तर आधी सारांश, मग प्रश्न, मग मजकूर असं उलटं वाचा.
मराठीसाठी बालभारतीचं अकरावीचं मानसशास्त्र. त्याचीही पीडीएफ फुकट मिळते.

अर्धवट_शहाणा:
टेलिग्रामवर सिकारेलीची पीडीएफ पडलेली आहे. कशाला एवढी चर्चा.

पावशेर:
चोरीची पीडीएफ कशाला, फुकटची वर दिलीच आहे की. शिवाय त्या स्कॅनमध्ये मज्जापेशीच्या आकृतीवरची नावं वाचता येत नाहीत, आणि पाच मार्कांची आकृती नेमकी तीच येते.

सदाशिव_आजोबा:
एफवायला अकरावीचं पुस्तक! आमच्या वेळी मॉर्गन-किंग होतं. त्याच्यासारखं पुस्तक पुन्हा झालं नाही. मोठे परिच्छेद, एक विचार पूर्ण मांडलेला. हल्लीच्या पुस्तकांत चौकटी आणि चित्रंच जास्त.

लंबक:
आजोबा, मॉर्गन-किंगची बाजारात मिळते ती सातवी आवृत्ती १९८६ ची. भाषा छान, पण फंक्शनल एमआरआय (काम करणारा मेंदू दाखवणारी तपासणी) त्यानंतर आलं. मानसिक विकृती डीएसएमच्या (विकृतींच्या निदानाची अमेरिकी नियमावली) तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे आहेत. आता पाचवी चालते, तिचीही सुधारित आवृत्ती २०२२ ला आली.

सदाशिव_आजोबा:
पाव्हलॉव्हचा कुत्रा २०२२ ला वेगळी लाळ गाळतो का?

लंबक:
कुत्रा तोच आहे. माणसांवरचे प्रयोग मात्र पुन्हा तपासले गेलेत. २०१५ मध्ये शोधपत्रिकांत छापून आलेले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ (संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा) होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच तसा आला. संशोधन पद्धतीच्या पेपरला हा मुद्दा लिहिला तर उत्तर उठून दिसतं, आणि जुन्या पुस्तकात तो सापडणार नाही.

घाटमाथा:
मग स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगही काढून टाकायचा का? सिलॅबसमध्ये आहे तो.

केतकी_नाशिक:
काढायचा नाही, टीकेसकट लिहायचा. १९७१, विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं, दोन आठवडे चालायचा होता, सहा दिवसांत थांबवला. २०१८-१९ मध्ये जुन्या ध्वनिफिती आणि कागद तपासले गेले. पहारेकऱ्यांनी कठोर वागावं म्हणून संशोधकांकडूनच सूचना गेल्या होत्या. म्हणजे ‘भूमिका मिळाली की माणूस आपोआप क्रूर होतो’ एवढा निष्कर्ष त्यातून निघत नाही.
मिलग्रॅमशी गल्लत करू नका. तो आज्ञापालनाचा वेगळा प्रयोग, दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगण्याचा, १९६३ ला प्रसिद्ध. पहिल्या मांडणीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. झटके खोटे होते. परीक्षेत बरेच जण तुरुंगातल्या कैद्यांना विजेचे झटके देऊन मोकळे होतात.

निवांत_पाटील:
अवांतर: पुढे समुपदेशक व्हायचं असेल तर आत्ताच लक्षात घ्या, बीएनंतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. लोक एमए झालं की कार्ड छापतात.

रानजाई:
पुढचं अजून ठरलं नाही. कृपया पुस्तकाचं सांगा ना.

बे_एरिया_कर:
पुस्तकाची गरजच नाही. एमआयटीचा ९.०० एससी हा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम पाहा, प्राध्यापक गॅब्रिएली, २०११ ची व्याख्यानं. नाहीतर येलचा पॉल ब्लूम, २००७, वीस व्याख्यानं. दोन्ही फुकट. जगातलं सर्वोत्तम शिक्षण घरबसल्या मिळत असताना लोक सिकारेलीवर भांडतात हे पाहून गंमत वाटते.

पावशेर:
चांगली आहेत, पण व्याख्यान ऐकून ‘समजलं’ वाटतं आणि कागदावर काही उतरत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांचा प्रयोग, २००६: एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने उलटं, ४२ विरुद्ध ५६. तेव्हा व्हिडिओ असो की पुस्तक, प्रकरण झालं की बंद करून कोऱ्या पानावर लिहायचं, राहिलेलं लाल पेनाने भरायचं, दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. हायलायटर फिरवण्यात वेळ घालवू नये.

अर्धवट_शहाणा:
माणसागणिक फरक असतो. कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून.

पावशेर:
हे तर परीक्षेत चुकूनही लिहू नका. आवड वेगवेगळी असते. पण त्या आवडीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतात याला २००८ च्या मोठ्या आढाव्यात पुरेसा आधार मिळाला नाही. डावा मेंदू हिशेबी, उजवा कलाकार, आणि मेंदूचा दहाच टक्के वापर, हेही त्याच गठ्ठ्यात.

घाटमाथा:
हे सगळं सिकारेलीत आहे.

केतकी_नाशिक:
ओपनस्टॅक्स मोफत आहे, पुन्हा सांगते.

मापटे:
प्रॅक्टिकलचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून लिहितो. म्युलर-लायरला वेगळं पुस्तक नको, कॉलेजची जर्नल पुरते. पण पद्धत नीट हवी.
उपकरणात एक रेषा (प्रमाण रेषा) ठरावीक लांबीची, तिची टोकं बाणासारखी बंद. दुसरी सरकवून कमी-जास्त करायची, तिची टोकं बाहेर उघडलेली. उघड्या टोकांची रेषा लांब भासते. म्हणून प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करतो तो) तिला प्रमाण रेषेपेक्षा आखूड असतानाच ‘सारखी’ म्हणतो.
४० प्रयत्न घ्या. २० मध्ये सरकती रेषा उजवीकडे, २० मध्ये डावीकडे. प्रत्येक विसात दहा वेळा उघडच लांब ठेवून आत सरकवायची, दहा वेळा उघडच आखूड ठेवून बाहेर. हे केलं नाही तर बाजूची चूक आणि हालचालीची चूक भ्रमात मिसळतात आणि वेगळ्या काढता येत नाहीत. क्रम सलग ठेवू नका, कारण सरावाने भ्रम कमी होतो आणि शेवटचे दहा प्रयत्न आपोआप चांगले दिसतात.
सुरुवात दर वेळी वेगळ्या जागेवरून, नाहीतर प्रयुक्त डोळ्याने न ठरवता हाताच्या अंतराने ठरवतो. मागची मोजपट्टी त्याला दिसता कामा नये. ‘बरोबर’, ‘थोडं चुकलं’ असलं काही बोलायचं नाही. घाई करायला सांगायचं नाही.
४० वाचनांची सरासरी म्हणजे आत्मगत समानता बिंदू, म्हणजे ज्या लांबीला प्रयुक्ताला दोन्ही रेषा सारख्या भासतात ती. त्यातून प्रमाण रेषेची लांबी वजा केली की स्थिर चूक. प्रमाण १५० मिमी आणि सरासरी १३२ आली तर स्थिर चूक उणे १८. ते उणे चिन्ह गाळू नका, भ्रमाची दिशा तेच सांगतं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच असतो. उजव्या-डाव्या सरासऱ्यांमधला फरक वेगळा काढा, त्यातून बाजूची चूक कळते; आत-बाहेरच्या सरासऱ्यांमधला वेगळा, त्यातून हालचालीची. चारही सरासऱ्यांचा तक्ता काढा.

लंबक:
उत्तम. भर एवढीच की प्रमाण विचलनही काढा. स्थिर चूक दोघांची सारखी असली तरी एकाची वाचनं विखुरलेली आणि दुसऱ्याची एका जागी असू शकतात.

रानजाई:
मापटे दादा, खूप आभार. हे वहीत उतरवून घेतलं. आणखी एक. ऋण प्रबलन आणि शिक्षा यात दर वेळी गोंधळ होतो.

केतकी_नाशिक:
आधी वर्तन वाढलं की कमी झालं ते विचार. वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. मग काही दिलं की काढून घेतलं ते बघ. दिलं तर धन, काढलं तर ऋण. डोकं दुखतंय, गोळी घेतली, दुखणं गेलं, पुढच्या वेळी गोळी पटकन घेतली जाते: वर्तन वाढलं, त्रास काढला, म्हणून ऋण प्रबलन. अभ्यास केला नाही म्हणून मोबाईल काढून घेतला आणि टाळाटाळ कमी झाली: ऋण शिक्षा. ‘ऋण म्हणजे वाईट’ असं धरलं की चुकलंच.

मापटे:
तसाच गोंधळ छोट्या अल्बर्टचा, म्हणजे ज्या बाळाला उंदराची भीती शिकवली त्याचा. १९२०, वॉटसन आणि रेनर. पांढरा उंदीर आधी तटस्थ, नंतर अभिसंधित (शिकल्यामुळे परिणाम करणारा) उद्दीपक. नैसर्गिक उद्दीपक म्हणजे पोलादी कांबीवर हातोडा मारून केलेला मोठा आवाज. निम्म्या उत्तरपत्रिकांत उंदीरच नैसर्गिक उद्दीपक असतो.

निवांत_पाटील:
एनसीईआरटीचं अकरावीचं कोणी सुचवलं नाही. चांगलं आहे. मराठीत नाही, इंग्रजी आणि हिंदीत फुकट.

लंबक:
हिंदीचं मराठी पेपरासाठी नको. संज्ञा वेगळ्या आहेत, गोंधळ होईल. इंग्रजी घ्यायला हरकत नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. आज चौकात गेले होते. सिकारेलीची जुनी प्रत ५५० ला होती, संज्ञासूची होती, पण मधली पानं सुटी झालेली. ती सोडली आणि मॉर्गन-किंग १५० ला घेतलं. परिच्छेद सलग आहेत, मला हळू वाचायला ते बरं वाटलं. उरलेल्यात एक मराठी गाईड घेतलं. अकरावीचं आणि ओपनस्टॅक्स उतरवून घेतलं आहे, पण मोबाईलवर फार वाचवत नाही.

सदाशिव_आजोबा:
शाब्बास पोरी.

घाटमाथा:
एवढं लिहून शेवटी गाईड!

लंबक:
मॉर्गन-किंग घेतलंच आहे तर असं वापरा. शिकणं, स्मृती, वेदन-संवेदन ही प्रकरणं बिनधास्त त्यातूनच वाचा. स्मृतीत एक भर वहीत घाला: मिलरचे १९५६ चे ‘सात, दोन कमी-जास्त’ (अल्पकालीन स्मृतीत एका वेळी मावणारे घटक) आहेतच, पण २००१ मध्ये कोवनने उजळणीला वाव नसेल तर ती मर्यादा चारच्या आसपास मांडली. मेंदूच्या प्रकरणाला जोड ओपनस्टॅक्सच्या तिसऱ्याची. विकृतींचं प्रकरण त्यातून मुळीच वाचू नका, ओपनस्टॅक्सचं पंधरावं तेवढं छापून आणा. जुन्या मांडणीत ओसीडी आणि पीटीएसडी चिंताविकृतीत आहेत, २०१३ पासून दोन्हींचे स्वतंत्र गट झाले.

केतकी_नाशिक:
स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड, कॅटाटोनिक वगैरे उपप्रकारही २०१३ ला गेले. गाईडात मात्र असणार. सर अजून तेच शिकवत असतील तर उत्तरात दोन्ही लिही, आधी जुने उपप्रकार आणि मग ‘डीएसएम-५ मध्ये वगळले’ अशी एक ओळ.