मुलाखत घेणाऱ्याचं कॅलिब्रेशन कोण करतं?

मायक्रॉनकाका

भोसरी एमआयडीसीत मशीनिंगच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. दीडशेच्या आसपास माणसं, तीन शिफ्ट, टर्निंग-बोअरिंगची कामं. या लायनीत २२ वर्षं झाली. गेली सात-आठ वर्षं लाइन इन्स्पेक्टर आणि ट्रेनी घ्यायचे असले की मुलाखतीला मी बसतो. त्याबद्दलच विचारायचंय. लाज वाटतेय, म्हणून या टोपणनावानेच विचारतो.

दिवाळीनंतर आमच्या एचआरमधल्या मुलीने (वयाने माझ्या पुतणीएवढी असेल) एक फाइल टेबलावर ठेवली. मुलाखत झाली की आम्ही एक कागद भरतो, त्यात तळाला 'शेरा' असा रकाना असतो. तिने माझे तीन वर्षांतले कागद काढून दोन गठ्ठे केले होते. म्हणाली, "सर, मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा."

पहिल्या गठ्ठ्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं: 'कम्युनिकेशन कमी', 'आत्मविश्वास नाही', 'टीममध्ये बसणार नाही'. पत्ते लातूर, नांदेड, हिंगोली, परभणी, दोन गडचिरोलीचे. दुसऱ्या गठ्ठ्यात 'चुणचुणीत', 'शिकेल', 'घरचं वळण चांगलं'. पत्ते सांगली, कराड, सातारा, पुणे. मी स्वतः सांगलीकडच्या वाळवा तालुक्यातला. घरचं वळण! मी कुणाच्या घरी गेलो होतो बघायला?

तांत्रिक प्रश्नांचे गुण त्याच कागदावर वर लिहिलेले असतात. ते दोन्ही गठ्ठ्यांत जवळपास सारखे. हिंगोलीकडचा एक पोरगा मला आठवतो. मायक्रोमीटरचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारलं, ०.०१ मिलिमीटर म्हणाला. रॅचेट (मायक्रोमीटर आवळायची टोकाची फिरकी) कशाला असतो विचारलं, म्हणाला "दाब सारखा ऱ्हावा म्हनून, न्हाय तर जो तो आपल्या ताकदीनं आवळंल." यापेक्षा चांगलं उत्तर मला मुलाखतीत मिळालेलं नाही. त्याच्या कागदावर शेरा काय? 'कम्युनिकेशन कमी'. कारण तो 'पानी' आणि 'म्हनून' म्हणाला. इन्स्पेक्टरचं काम काय असतं, तर बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) घाला, आकडा रजिस्टरमध्ये लिहा, खराब पीस लाल बिनमध्ये टाका. त्यात 'ण' कुठे लागतो?

अजून एक. माझा पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कोणतं?" पोरगं मोकळं व्हावं म्हणून विचारतो, असं मी स्वतःला सांगत आलो. मग "पूर्ण नाव सांग". मग "त्या भागात आमचे एक पाहुणे आहेत, ओळखतोस का?" जात मी आजवर कुणाला विचारलेली नाही. पण तिसऱ्या प्रश्नापर्यंत मला ती कळलेली असते, हे आता नाकारत नाही.

गेल्या वर्षी या विषयाचं दोन तासांचं ट्रेनिंग झालं. बाहेरून एक मॅडम आल्या, स्लाइड दाखवल्या, सामोसा खाल्ला, हजेरीवर सही केली. टाळ्या मी पण वाजवल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलाखती होत्या. पहिला प्रश्न, "गाव कोणतं?"

आमच्या धंद्यात मोजणाऱ्यालाही मोजतात. एमएसए म्हणतात. तीन इन्स्पेक्टर, दहा पीस, प्रत्येकाने तीन-तीनदा मोजायचे, दुसऱ्याचं रीडिंग न बघता. फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर ठीक, तीसच्या वर गेला तर ती मोजणीच बाद. माणसं निवडणाऱ्या माझी अशी तपासणी आठ वर्षांत एकदाही झाली नाही.

तर प्रश्न असा: तुमच्याकडे कुणी मुलाखतीची पद्धत बदलून बघितली आहे का? नक्की काय केलंत? 'मन मोठं करा' सोडून काहीही सांगा.

---

सेटिंगवाला

काका, उगाच मनाला लावून घेताय. मेरिट बघायचं, विषय संपला. आणि बोलणं लागतंच की. कस्टमरचा ऑडिटर आला की लाइनवर उभ्या असलेल्या पोरालाच विचारतो, कंट्रोल प्लॅन कुठाय, हा पीस का थांबवला. तिथे ततपप झालं तर एनसी (ऑडिटमधली त्रुटीची नोंद) तुमच्याच नावावर पडणार. शिवाय आपल्या भागातला पोरगा असला की त्याच्या घरचा फोन नंबर आपल्याकडे असतो. न सांगता गायब होत नाही. याला भेदभाव म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

---

मायक्रॉनकाका

ऑडिटर हिंदीत किंवा इंग्रजीत विचारतो हो. तिथे आमचा साताऱ्याचा 'चुणचुणीत' पण खांबासारखा उभा राहतो, मग मीच पुढे होऊन उत्तर देतो. गायब होण्याचं म्हणाल तर गेल्या वर्षात न सांगता गेलेले तिघं. त्यातला एक माझ्या साडूच्या गावचा. घरी फोन केला, उचलला नाही.

मेरिटचं मीही हेच म्हणायचो. पण मेरिटचे गुण वर लिहिलेले होते आणि निर्णय खालच्या रकान्याने झाला.

---

चाकणची_एचआर

नऊ वर्षं एचआरमध्ये आहे, आधी तळेगाव, आता चाकण. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. साहेबाच्या टेबलावर असे गठ्ठे ठेवायला काय लागतं ते मला माहीत आहे.

नावाचं आधी. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला होता. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. पदवीधरांच्या नोकऱ्यांत सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतीला बसायच्या आधीच, नुसत्या कागदावर. म्हणजे काका, तुमचे गठ्ठे हे गाळून आलेल्यांचे आहेत. न बोलावलेल्यांचा तिसरा गठ्ठा काढायला सांगा.

आम्ही अर्जावरचं नाव, पत्ता, फोटो झाकून नंबर टाकायला सुरुवात केली. अर्धंच जमलं. आयटीआयचं नाव दिसलं की तालुका कळतो, आणि माणूस समोर आला की झाकायला काही उरतच नाही. पण पहिली चाळणी तरी बदलली.

त्याहून जास्त उपयोग झाला तो प्रश्न छापून घेण्याचा. सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला लगेच गुण, गप्पा नंतर. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि एकमेकांना दाखवण्याआधी माझ्याकडे द्यायचे. तुमचं एमएसएच झालं की हे! एका मॅनेजरचे गुण दर वेळी बाकीच्यांपेक्षा वेगळे यायचे. महिनाभर चिडला, मग स्वतःच खाली लिहायला लागला की मी दोन का कापले.

आता मुलींचं. मुलग्यांना 'नाइट जमेल का' विचारत नाहीत, मुलींना विचारतात. 'लग्न ठरलंय का' तर विचारतातच. मलाही विचारलं होतं. मी "नाही" म्हटलं, तर समोरचे म्हणाले, "म्हणजे दोन वर्षांत ठरेल." जोडणीला मुली घ्या म्हटलं तर आमचे प्रॉडक्शनवाले म्हणाले काम जड आहे. याच चाकणला बजाजची डॉमिनार मोटरसायकल मुलींच्या लाइनवर जोडली गेली, हे त्यांना माहीत होतं. जड म्हणजे काय, तर १४ किलोचं क्रेट. ते मुलगेसुद्धा उचलत नव्हते, ट्रॉली होती.

---

औंढ्याचा

काका, मी तुमच्या पहिल्या गठ्ठ्यातला. तुमच्याकडे आलो नव्हतो बहुतेक, पण असे गठ्ठे बऱ्याच ठिकाणी असतील.

हिंगोलीच्या आयटीआयमधून फिटर करून २०१४ ला पुण्यात आलो. निगडीत कॉट बेसिसवर सहा जण एका खोलीत. पहिल्या सहा मुलाखतींत कुणी विचारलेलं मला आलं नाही असं फारसं झालं नाही. पण मी तोंड उघडलं की समोरच्याच्या ओठाचा कोपरा हलायचा. हसू नसायचं ते. 'अच्छा, तिकडचा' असं काहीतरी. तुम्हाला ते दिसत नाही, कारण ते तुमच्याच तोंडावर असतं.

मग मी रात्री बाथरूमच्या आरशासमोर घोकायला लागलो. पाणी. लोणी. कोण. म्हणून. रूममेट हसायचे, एक जण म्हणायचा, "काय करूलालास बे, मंत्र म्हनूलालास का?" तो लातूरचा होता. तीन महिन्यांत माझा 'ण' बसला. सातव्या मुलाखतीत घेतलं. फिटरचं काम तेवढंच येत होतं जेवढं पहिल्या मुलाखतीत येत होतं. आता घरी आईशी फोनवर बोलताना चुकून 'पाणी' निघतं आणि ती म्हणते, "साहेब झालास."

आडनावाचंही सांगतो. मी नाव आणि वडिलांचं नाव सांगून थांबायचो. "पूर्ण सांगा" म्हणायचे. सांगितलं की एक क्षण गप्प. पुढचा प्रश्न काय येणार, किंवा कुठला येणार नाही, ते आम्हाला बसल्या जागी कळतं. तुमचे 'त्या भागातले पाहुणे' आमच्या वस्तीत नसतात काका. पाहुण्यांचं विचारलं की मी "नाही ओळखत" म्हणायचो आणि मुलाखत तिथेच संपायची.

आता लाजिरवाणी गोष्ट, तुम्ही लिहिली म्हणून मीही लिहितो. मी आज शिफ्ट इनचार्ज आहे. गेल्या महिन्यात हेल्परसाठी बिहारचे दोघं आले. मी म्हणालो, "हे टिकत नाहीत, छठला जातात ते परत येत नाहीत." शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, "आणि तुझी माणसं सोयाबीन काढायला जातात तेव्हा?" मी काहीच बोललो नाही. एकाला घेतलं. दुसऱ्याला खरंच काम येत नव्हतं. निदान आज तरी मला असंच वाटतं.

---

अटकेपार

थोडं अवांतर. सिएटलला राहते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या नगर परिषदेने भेदभावबंदीच्या यादीत 'जात' हा शब्द घातला, अमेरिकेतलं असं पहिलंच शहर. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये एकच सूर होता: इथे कुठे कोण जात पाळतं? बोलणाऱ्या काकू दर गणपतीला नव्या जोडप्याला पहिला प्रश्न विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि आडनाव ऐकून समाधान झालं नाही तर, "माहेरचं काय?" ऑफिसात माझ्या उच्चारांवर मॅनेजरने शेरा मारला तेव्हा मी याच काकूंकडे जाऊन रडले होते. त्यांनी मनापासून समजूत काढली, हेही खरं.

---

मायक्रॉनकाका

सगळ्यांचे आभार. औंढेकर, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. 'पाहुणे' हा प्रश्न बंद. तुम्ही सांगितलं नसतं तर तो मी प्रेमळ प्रश्न म्हणून रिटायर होईपर्यंत विचारला असता.

काय केलं ते सांगतो. चाकणच्या ताईंचे छापील प्रश्न घेतले, पण आधी हातातलं काम ठेवलं. टेबलावर पाच पीस, बोअर (भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालतं. तीन चांगले, एक २५.०२८ चा, आणि एक मुद्दाम लाल बिनमधून उचललेला, ज्यात ओव्हॅलिटी होती, म्हणजे भोक गोल नसून अंडाकृती. एका बाजूने मोजलं तर तो पास होतो, गेज फिरवलं तरच सापडतो. शेजारी बोअर गेज, त्याचं शून्य तपासायची रिंग गेज, कोरा कागद, २० मिनिटं. मी खोलीत नव्हतो. कागदावर नावाऐवजी नंबर.

अकरा जण आले. मोठा बोअर नऊ जणांनी पकडला. अंडाकृती फक्त तिघांनी. नंबर उघडले तर एक मिरजेचा, एक नांदेडकडच्या मुखेडचा आणि एक मुलगी, जुन्नरकडची. मुखेडच्या पोराने बाकी काही करायच्या आधी रिंग गेजवर शून्य तपासलं होतं आणि कागदाच्या कोपऱ्यात तसं लिहून ठेवलं होतं. मग तिघांच्या तोंडी मुलाखती झाल्या. मी आणि प्रॉडक्शनचे साहेब, वेगवेगळे गुण. मुखेडच्या पोराला मी सहा दिले, साहेबांनी आठ. का कापले ते लिहायला बसलो तर कारण सुचेना. 'जरा बुजरा वाटला' एवढंच. खोडलं. मिरजेच्याला आठ दिले होते, तिथेही कारण सुचलं नाही, पण तिथे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. एचआरच्या मुलीने विचारलं.

सवय मात्र चिवट आहे. तिसरी मुलाखत सुरू करताना तोंडातून निघालंच, "गाव..." एचआरची मुलगी जोरात खोकली. मी "गावलं का टेबलावरचं सगळं सामान?" असं काहीतरी फिरवलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

दोन पोरं सोमवारी रुजू झाली. तिसरीचं अडलंय. तिघांत तिचा कागद सगळ्यात स्वच्छ होता. पण आमचं लेडीज टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत, शॉप फ्लोअरपासून (मशीन असतात तिथून) चार मिनिटं चालत, आणि ऑफिस सुटलं की सहाला कुलूप. सेकंड शिफ्टला काय करायचं? एवढी वर्षं शॉपवर बाई नव्हती म्हणून कुणी विचारलं नाही, की टॉयलेट नव्हतं म्हणून बाई नव्हती, देव जाणे. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ चं कलम १९ काढून मालकांना दाखवलं (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता). स्त्री-पुरुषांची वेगळी सोय, जवळ, कामाच्या वेळात कधीही वापरता येईल अशी, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मालक म्हणाले, "एकीसाठी? पुढच्या वर्षी बघू."

चाकणच्या ताई, तुमच्याकडे मुली घेतल्या तेव्हा हे कसं पार पाडलंत? तयार केबिन आणून बसवली की बांधकाम केलं, आणि खर्च कुठल्या हेडखाली टाकलात? बुधवारी मालकांसमोर परत जायचंय. तिला मी शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणून सांगितलंय.