निर्यात थांबवली की उत्सर्जन थांबतं?

देवगडकर: कालची पोस्ट म्हणते, ‘हापूस परदेशी पाठवणं हे वातावरणाचं वाटोळं, निर्यात बंद करा, गावचं गावात खा.’ असली सरसकट वाक्यं बागायतदाराच्या पोटावर येतात, म्हणून सविस्तर लिहितो. अंतराआधी वाहन बघा. मुंबई-लंडन विमानाने सुमारे ७,२०० किलोमीटर. एक टन माल एक किलोमीटर न्यायला ०.६ किलो धरलं तरी किलोभर आंब्यामागे ४ किलोवर कार्बन डायऑक्साइड. न्हावाशेव्याहून रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरने बोटीतून दुबईला गेला तर ५० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही निर्यातच ना?

मालवणी: मग लंडनचाही बोटीने पाठवा.

देवगडकर: हापूस १३ अंशांच्या खाली उतरवला की साल करपते, फळ धड पिकत नाही. वर ठेवला तर वाटेतच पिकतो. त्यात २०२३च्या अखेरीपासून बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, म्हणजे आणखी दहा-बारा दिवस. साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष, तर बाहेरून दिसतही नाही.

राजापूरकर: आंब्याचं पुरे, काजूचं बोला! आयव्हरी कोस्टची बी इथे आणायची, फोडायची, गर पुन्हा बाहेर पाठवायचा. किलोभर गराला चार किलो बी, म्हणजे समुद्रावरून तीन किलो टरफलच फिरवायचं. आणि इथला शेतकरी बी मातीमोल दराने देतो.

वेंगुर्लेकर: टरफल फुकट जात नाही. त्याचं तेल निघतं, बॉयलरला तेच जळतं, तेवढं फर्नेस ऑइल वाचतं. चार किलो बी बोटीने आणली तरी धूर विमानातल्या एका किलो आंब्याहून कमीच. खरा हिशेब जमिनीचा आहे. ऐन-किंजळाची रानझाडं तोडून, कातळ सुरुंगाने फोडून बागा कोण लावतंय? तो कार्बन कुठल्या बंदरावर मोजणार?

राजापूरकर: बागायतदारावर घसरू नका! वखारीला लाकूड विकणारे ठेकेदार वेगळे.

वेंगुर्लेकर: मोकळ्या झालेल्या जागेवर कलमं लागतातच की.

राजापूरकर: लागतात. जमिनीचं मान्य. म्हणून तर म्हणतो, जुन्या बागांतली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची बी आधी उचला, मग बोट मागवा.

वेंगुर्लेकर: ओली बी पोत्यात भरून आणता, आठवड्यात बुरशी धरते. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून ओल ८-९ टक्क्यांवर आणा, दर वाढवायला कारखाने तयार आहेत. पण मार्च ते मेच्या बीवर बारा महिने कारखाना चालत नाही, हे तुम्हीही धरून चाला.