मदत हवी आहे : आजीच्या जुन्या शाळांच्या नोंदी कुठे मिळतील?

माझी आजी गेल्या महिन्यात गेली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. व्हर्नाक्युलर फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) होऊन ती स्कूल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि तिथूनच ती अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. सगळी नोकरी साताऱ्यातल्या माण तालुक्यात, बहुतेक एकशिक्षकी शाळांवर. आम्ही नातवंडंही तिला 'बाई'च म्हणायचो, कारण अख्खं गाव म्हणायचं!

1972च्या दुष्काळात मुलं खडी फोडायला जायची, तेव्हा ती संध्याकाळी कंदिलावर वर्ग भरवायची. हे तिने कधीच सांगितलं नाही. दहाव्याला आलेल्या एका आजोबांकडून कळलं. ते रडत होते आणि पाढे म्हणून दाखवत होते, एकोणतीसच्या पाढ्याला अडखळले.

वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे. पण ती कुठल्या साली कुठल्या गावात होती, हेच आम्हाला नीट लावता येत नाही. सेवापुस्तकाची (नोकरीच्या नोंदींच्या वहीची) प्रत वारसांना पंचायत समितीकडून मिळते का? की माहिती अधिकारात अर्ज करावा? शाळेच्या जुन्या हजेरीपटांचं काय होतं? दहिवडीकडचं (माणच्या तालुक्याच्या गावाकडचं) कुणी असेल तर कृपया सांगा.